दवाखान्याचं बिल ॲडमिट होण्याआधीच ठरतं: सांगली-सातारकरांसाठी खर्च वाचवायची वाट

मिरजेच्या दवाखान्यांत रोज दिसणारी गोष्ट आहे. शेजारी-शेजारी दोन कॉटांवर एकाच ऑपरेशनचे दोन पेशंट असतात. दोन्ही घरांत केशरी रेशनकार्ड आहे. एका घराला एक रुपया लागत नाही, दुसरं घर सोनं गहाण ठेवतं. पहिल्या घरानं ॲडमिट होताना महात्मा फुले योजनेच्या, म्हणजे सरकारी मोफत उपचार योजनेच्या खिडकीवर कार्ड दिलेलं असतं. दुसऱ्यानं विचारलं ते डिस्चार्जच्या दिवशी, आणि तोवर पेशंटची नोंद 'रोख' म्हणून झालेली असते.

बिल हातात आल्यावर घासाघीस करून पाच-दहा टक्के सुटतात. खरे पैसे वाचतात ते कोणत्या दवाखान्यात, कोणत्या खिडकीवर आणि कोणता कागद घेऊन गेलात त्यावर. म्हणून या लेखातला पहिला भाग मोठा आहे आणि बिल तपासायचा भाग शेवटी आहे. ज्यांच्या घरात आजवर कुणी मोठ्या दवाखान्यात ॲडमिट झालेलं नाही, त्यांनी पहिली पायरी याच आठवड्यात उरकावी.

१. घरात सगळे धडधाकट असताना: फाइल तयार करा

एक प्लास्टिकची फाइल घ्या. कपाटात कुठे ठेवलीय ते घरातल्या सगळ्यांना सांगा. त्यात एवढं असू द्या:

- रेशनकार्ड (मूळ, आणि दोन्ही बाजूंच्या तीन झेरॉक्स)
- घरातल्या प्रत्येकाचं आधारकार्ड, तीन-तीन झेरॉक्स
- प्रत्येकाचं आयुष्मान कार्ड (केंद्राच्या मोफत उपचार योजनेचं)
- तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला
- विमा असेल तर पॉलिसीची प्रत आणि विम्याचं कार्ड
- लहान मुलांचे जन्माचे दाखले
- प्रत्येकाच्या जुन्या आजारांची कागदपत्रं आणि चालू गोळ्यांची यादी
- पासपोर्ट साइज फोटो, बँक पासबुकची झेरॉक्स

यादी सोपी दिसते. घोटाळा असतो तो नावांत. आपल्याकडे रेशनकार्डावर 'बाळासो' असतं आणि आधारवर 'बाळासाहेब'. एकीकडे 'आप्पासो', दुसरीकडे 'अप्पासाहेब'. सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेलं नसतं आणि सासरच्या कार्डात चढलेलं नसतं. योजनेचं संगणकावरचं काम नावं जुळवून होतं. ती जुळली नाहीत तर पेशंट आत आणि नातेवाईक पुरवठा शाखेत, अशी वेळ येते. म्हणून कार्ड उघडा, एकेक नाव आधारशेजारी धरून वाचा. फरक असेल तर आताच तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत दुरुस्तीचा अर्ज द्या. कार्ड ऑनलाइन झालं असेल तर त्याला बारा आकडी नंबर असतो. तो रेशन दुकानदाराकडून विचारून कार्डावर पेन्सिलीनं लिहून ठेवा.

आयुष्मान कार्ड आपले सरकार केंद्रावर किंवा मोबाइलवरच्या आयुष्मान ॲपवर निघतं. आधारला जोडलेला मोबाइल जवळ हवा, ओटीपी त्यावरच येतो. वयस्कर माणसांचा आधारला जोडलेला नंबर बहुतेक वेळा बंद पडलेला असतो, तो आधी बदलून घ्या. घरात सत्तर किंवा त्यावर वय असलेलं कुणी असेल तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ते सत्तर आणि त्यापुढच्या सगळ्यांना मिळतं. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, आधार पुरतं.

उत्पन्नाच्या दाखल्याला पंधरा दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो, आणि एक वर्षाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो. मुलांच्या शाळा-कॉलेजच्या प्रवेशासाठी दरवर्षी काढताच, त्याची एक प्रत या फाइलीत टाका.

कंपनीत कामाला असाल तर आणखी एक बघा. कुपवाड, मिरज, सातारा एमआयडीसीत महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या बऱ्याच कामगारांचा ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, कापला जातो. पगाराच्या पावतीवर ०.७५ टक्के अशी बारीक कपात दिसते. ती दिसत असेल तर तुमच्यासह बायको-मुलांच्या उपचाराची सोय आधीच झालेली आहे. कुटुंबाची नावं नोंदवलीत का, एवढं कंपनीच्या ऑफिसात विचारा. कपात वर्षानुवर्षं होते आणि नावं चढवायची राहून जातात.

२. कोणत्या दवाखान्यात जायचं, हे आधी ठरवा

तातडीची वेळ असेल तर १०८ ला फोन करा. गाडी फुकट आहे, सोबत डॉक्टर असतो. खाजगी गाडी केलीत तर पेशंट कुठे न्यायचा हे चालकाला ठरवू देऊ नका. काही ठिकाणी पेशंट आणल्याबद्दल पैसे मिळतात, आणि ते शेवटी बिलातूनच निघतात. 'तिथे कॉट नाही, मी ओळखीच्या ठिकाणी नेतो' असं कुणी म्हटलं तर तुम्ही स्वतः फोन करून खात्री करा.

प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय ही सार्वजनिक आरोग्य विभागाची रुग्णालयं. १५ ऑगस्ट २०२३ पासून इथे केस पेपरपासून तपासण्या आणि ऑपरेशनपर्यंत सगळं मोफत आहे. कराडचं वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय यातलं. सांगलीचं सिव्हिल, म्हणजे पद्मभूषण वसंतदादा पाटील रुग्णालय, आणि मिरजेचं सरकारी रुग्णालय मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेली आहेत. तिथे केस पेपर आणि तपासण्यांना थोडे पैसे पडतात. ते खाजगीच्या मानानं अगदी किरकोळ असतात, आणि तज्ज्ञ डॉक्टर जास्त असतात. 'सरकारी म्हणजे फुकट' असं गृहीत धरून गेलात तर खिडकीवर उगाच वाद होतो, म्हणून हा फरक सांगितला.

काही गोष्टींना खाजगी दवाखान्याची पायरी चढायचं कारणच नाही:

- साप चावला तर सापाच्या विषावरची लस ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात मोफत मिळते. उसाच्या फडातून, द्राक्षाच्या बागेतून थेट तिकडे न्या. निघतानाच फोन करून लस शिल्लक आहे का विचारा.
- कुत्रं चावलं तर रेबीजची लस सरकारी रुग्णालयात मोफत. जखम आधी साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. लसीचे सगळे डोस त्या-त्या तारखेलाच घ्या.
- बाळंतपण, सिझर झालं तरी, सरकारी रुग्णालयात मोफत. औषधं, रक्त, जेवण आणि घरी सोडायची गाडीसुद्धा त्यात येते. गाडीसाठी नंबर १०२. गावातल्या आशाताईंकडे नाव लवकर नोंदवा, त्या पुढचं सगळं धरून असतात.
- टीबीची पूर्ण औषधं मोफत.
- लहान मुलाच्या हृदयाला छिद्र, दुभंगलेला ओठ असं काही निघालं तर अंगणवाडी किंवा शाळेत तपासणीला येणाऱ्या पथकाला भेटा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अशी ऑपरेशनं मोफत होतात.

मोफत रुग्णालयात कुणी बाहेरून औषध आणायची चिठ्ठी दिली तर लगेच मेडिकलकडे पळू नका. 'आपल्या स्टोअरला हे नाही का?' असं आधी विचारा. नसेल तर वैद्यकीय अधीक्षकांना भेटा, स्थानिक खरेदीतून औषध आणायची सोय त्यांच्याकडे असते.

रस्त्यावरच्या अपघाताला वेगळी सोय आहे. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत मोटार अपघातातल्या जखमीला पहिले सात दिवस, १,५०,००० रुपयांपर्यंतचा उपचार नेमलेल्या रुग्णालयात रोख न भरता मिळतो. त्यासाठी अपघाताची पोलिसांत नोंद लागते. 'पोलिसांचं झंझट नको' म्हणून गाडी घसरून पडल्याचं सांगायची आपल्याकडे सवय आहे. तसं एकदा केस पेपरवर लिहिलं गेलं की ही योजना, विमा आणि पुढची नुकसानभरपाई, सगळं अडकतं.

३. महात्मा फुले योजना: पहिल्या तासात करायची कामं

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतशी जोडून चालते. १ जुलै २०२४ पासून पिवळं, केशरी आणि पांढरं, तिन्ही कार्डांवर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा उपचार मिळतो. 'आमचं पांढरं कार्ड, आम्हाला काही मिळत नाही' असं म्हणून आजही माणसं खिडकीवर न विचारताच परत फिरतात. तसं करू नका.

1. निघण्याआधी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर फोन करा. हा दवाखाना योजनेत आहे का, एवढंच विचारू नका. 'या आजारासाठी आहे का' असं विचारा. एखादा दवाखाना हाडांच्या ऑपरेशनला योजनेत असतो आणि हृदयाला नसतो. इथेच जास्त माणसं फसतात. काही उपचार तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, त्यांना खाजगीत योजना लागू होतच नाही.
2. दवाखान्यात शिरताच, डॉक्टरांच्या खोलीआधी, आरोग्यमित्राची, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाची खिडकी शोधा. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात ती असते. सांगा: 'आम्हाला योजनेतून उपचार घ्यायचाय.'
3. रेशनकार्ड, आधार, डॉक्टरांची चिठ्ठी आणि असतील ते रिपोर्ट द्या. आरोग्यमित्र नोंदणी करतो, दवाखाना ऑनलाइन मंजुरी मागतो. आपली नोंद झाल्याचा नंबर मागून घ्या आणि लिहून ठेवा.
4. मंजुरी येईपर्यंत तातडी नसेल तर ऑपरेशनची घाई करू नका. जीवावरची वेळ असेल तर फोनवरून तातडीची मंजुरी घ्यायची सोय आहे. उपचार आधी, कागद मागून. कागद किती वेळात द्यायचे ते आरोग्यमित्राला विचारून लिहून घ्या.

पॅकेजमध्ये जनरल वॉर्डातली कॉट, डॉक्टर, भूल, औषधं, तपासण्या, इम्प्लांट (शरीरात बसवायचा कृत्रिम भाग), पेशंटचं जेवण आणि घरी जायचं एसटीचं भाडं येतं. डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतची औषधं आणि तपासणीही त्यात येते.

आता फसायच्या जागा.

'योजनेतून केलं तर हलक्या दर्जाचा इम्प्लांट येतो, वरचे तीस हजार द्या, चांगला टाकतो.' असं वरचे पैसे घेणं योजनेत बसत नाही. मागणी झालीच तर 'पावती द्या' म्हणा आणि त्याच जागेवरून १५५३८८ ला फोन लावा.

'मंजुरीला आठ दिवस लागतील, तोवर रोखीनं सुरू करू.' हे ऐकल्यावर आरोग्यमित्राला गाठून मंजुरीची विनंती खरोखर पाठवलीय का ते संगणकावर बघायला सांगा. रोखीनं सुरू झालेली केस मध्येच योजनेत वळवणं अवघड असतं, आणि भरलेले पैसे परत मिळवणं त्याहून अवघड.

'सेमी-प्रायव्हेट रूम घ्या.' योजना जनरल वॉर्डाची आहे. रूम हवी म्हटलं की योजनेवर पाणी सोडल्याचं लिहून घेतात. म्हातारी माणसं वॉर्डात कुरकुरतात हे खरं. पण त्या कुरकुरीची किंमत लाखाच्या घरात जाऊ शकते, हे घरच्यांनी बसून ठरवावं.

नवजात बाळाचं नाव कार्डात नसतं म्हणून काचेच्या पेटीचा खर्च खिशातून करू नका. जन्माचा दाखला आणि आई-वडिलांचं कार्ड दाखवून नोंद होते.

जतहून ऊसतोडीला दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्यांनी किंवा माणमधून पुण्याला कामाला असलेल्यांनी लक्षात ठेवा, कार्ड जिथलं असेल तिथेच उपचार घ्यावा लागत नाही. राज्यातल्या योजनेतल्या कुठल्याही दवाखान्यात ते चालतं.

४. योजनेत बसलं नाही तर: धर्मादाय दवाखाना

ट्रस्टची मोठी रुग्णालयं धर्मादाय म्हणून नोंदलेली असतात. सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयानं २००६ साली घालून दिलेली योजना, यांनी त्यांच्यावर बंधन आहे. १० टक्के कॉटा निर्धन पेशंटसाठी मोफत. १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, साधारण निम्म्या बिलात. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल. शिवाय प्रत्येक बिलातून दोन टक्के बाजूला काढून गरीब पेशंटसाठी निधी ठेवावा लागतो. त्याला तिथे 'आयपीएफ' म्हणतात. तुम्ही हा शब्द वापरलात की समोरच्याला कळतं, यांना माहिती आहे.

करायचं काय? बिलिंगच्या खिडकीवर जाऊ नका. वैद्यकीय समाजसेवक कुठे बसतात ते विचारा. अर्ज लेखी द्या, सोबत उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या: शिक्का, सही, तारीख आणि वेळ. पोचेशिवाय दिलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. 'राखीव कॉटा भरल्यात' असं उत्तर आलं तर तेच त्या प्रतीवर लिहून मागा, आणि सांगली किंवा साताऱ्याच्या सहायक धर्मादाय आयुक्त कार्यालयात फोन करून किती कॉटा रिकाम्या दाखवल्यात ते विचारा. ही माहिती रुग्णालयांना रोज कळवावी लागते.

तातडीच्या पेशंटला धर्मादाय रुग्णालयानं डिपॉझिट न मागता दाखल करून घेऊन जीव स्थिर होईपर्यंतचे उपचार द्यायचे असतात. हे वाक्य तसंच पाठ करून ठेवा.

सवलत डिस्चार्जच्या दिवशी मागितली तर ती मेहेरबानी होते आणि मिळेल तेवढी घ्यावी लागते. दाखल होताना अर्ज केला तर नियमानं मागता येते.

५. स्वतःचे पैसे घालणार असाल तर लेखी अंदाज घ्या

'साधारण सत्तर-ऐंशी हजार होतील' हा अंदाज नव्हे. कागदावर वेगळं लिहून मागा: ऑपरेशन आणि सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ओटी (ऑपरेशन थिएटर), खोलीचं रोजचं भाडं आणि किती दिवस, आयसीयू लागला तर रोजचा दर, इम्प्लांट, औषधं अंदाजे. खाली एक प्रश्न हमखास विचारा: 'यात काय धरलेलं नाही?' पॅकेज म्हणून सांगितलेल्या रकमेत बहुतेक वेळा औषधं आणि तपासण्या नसतात, आणि तिथेच रक्कम दीडपट होते.

दरपत्रक दर्शनी भागात लावणं महाराष्ट्रात जानेवारी २०२१ च्या नियमांनी बंधनकारक आहे. खोली बदलली की फक्त भाडं वाढत नाही. पुष्कळ ठिकाणी डॉक्टरांची व्हिजिट, नर्सिंग, ओटी, सगळ्यांचे दर खोलीच्या वर्गावर ठरतात.

तातडी नसेल, म्हणजे हर्निया, मोतीबिंदू, पित्ताशयातले खडे, गुडघे अशा ऑपरेशनांना, दोन ठिकाणचे अंदाज आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्याच. सांगली, मिरज, कराड, सातारा एवढ्याशा टापूत दर बरेच वेगळे निघतात.

६. विमा असेल तर

पॉलिसीत दोन ओळी शोधा: खोलीभाड्याची मर्यादा आणि जुन्या आजारांची प्रतीक्षा, म्हणजे आधीपासूनच्या आजाराला विमा लागू होईपर्यंतचा काळ. दुसरी आता जास्तीत जास्त तीन वर्षं असू शकते. पहिलीनं माणसं जास्त बुडतात. हिशेब बघा. पॉलिसीत रोजची मर्यादा ४,००० आहे आणि तुम्ही ८,००० ची खोली चार दिवस घेतलीत. तुम्हाला वाटतं, वरचे १६,००० आपण भरू. पण खोली मर्यादेच्या दुप्पट झाली म्हणून डॉक्टर, ओटी, नर्सिंग यांचंही निम्मंच मंजूर होतं. ते १,२०,००० असतील तर ६०,००० कापले जातात. म्हणजे खिशातून ७६,०००. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूवर ही प्रमाणात कपात लागत नाही. म्हणून विमा डेस्कवर पहिला प्रश्न 'माझ्या मर्यादेत कोणती खोली बसते?' हाच हवा.

ठरलेलं ऑपरेशन असेल तर कॅशलेसचा, म्हणजे दवाखान्याचं बिल कंपनीनं थेट भरायचा अर्ज दोन-तीन दिवस आधी टाका. २०२४ च्या नियमांप्रमाणे कंपनीनं कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. तीन तासांपुढे ताटकळल्यामुळे दवाखान्यानं लावलेला जादा खर्च कंपनीवर पडतो. वेळ लिहून ठेवा.

केस पेपरवर डॉक्टर विचारतात, 'शुगर कधीपासून?' घाबरून काहीतरी आकडा सांगू नका. 'दहा वर्षं असेल' असं बोलून गेलात आणि खरी तीन वर्षं असली, तर क्लेम नाकारायला तेवढी ओळ पुरते. जुना रिपोर्ट काढा आणि त्यावरची तारीख सांगा. खरं तेच आणि नेमकं सांगा.

क्लेम नाकारला तर कारण लेखी घ्या, आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा, मग पुण्याच्या विमा लोकपालाकडे. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

७. औषधं आणि इम्प्लांट

दवाखान्याच्या आतल्या मेडिकलमधूनच औषधं घ्यायची सक्ती करता येत नाही. तसा फलक लावायचा असतो. ऑपरेशनच्या मध्यरात्री बाहेर धावायला जमत नाही, ते ठीक. पण रोजच्या सलाईन, अँटिबायोटिक, डायपर, हातमोजे यांची चिठ्ठी दिवसा बाहेर दाखवून दर विचारायला काहीच हरकत नाही.

कायमच्या गोळ्या, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, जनऔषधी केंद्रातून घेतल्या तर निम्म्याहून कमी पैशात येतात. तिथे कंपनीचं नाव सांगून भागत नाही, औषधाचं नाव लागतं: टेल्मिसार्टन ४०, मेटफॉर्मिन ५००, ॲटोर्वास्टॅटिन १०. पाकिटावर बारीक अक्षरात ते असतंच, किंवा डॉक्टरांकडून लिहून घ्या. मेटफॉर्मिन साधी आणि 'एसआर' या वेगळ्या गोळ्या आहेत, अदलाबदल करू नका. फिट आणि थायरॉईडच्या गोळ्यांची कंपनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

हृदयातल्या स्टेंटच्या (रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीच्या) किमतीवर फेब्रुवारी २०१७ पासून सरकारी कमाल मर्यादा आहे. औषध लावलेल्या स्टेंटला तेव्हा २९,६०० होती, मधल्या वर्षांत कमी-जास्त होत ती आता ४०,००० च्या आत आहे, जीएसटी वेगळा. ऑगस्ट २०१७ पासून गुडघ्याच्या इम्प्लांटलाही मर्यादा आहे. स्टेंट बिलात वेगळ्या ओळीत, कंपनीचं नाव आणि बॅच नंबरसह यायला हवा. खोक्यावरचं स्टिकर फाइलीत चिकटवलेलं असतं, त्याचा फोटो काढून ठेवा.

८. रोजची वही, आणि मग बिल

हळद विकल्यावर तिची पट्टी हातात आली की आपण तोलाई, हमाली, वजन, ओळ न् ओळ तपासतो. दवाखान्याचं बिल मात्र शेवटचा आकडा बघून भरतो. तपासायचं तर सोबतच्या माणसाकडे वही हवी. नोंदी अशा:

*मंगळवार. ९:४० डॉक्टर राउंड. ११:१५ ऑक्सिजन काढला. १:०० छातीचा एक्सरे. ४:३० आयसीयूतून वॉर्डात. मेडिकल: इंजेक्शन ६, सलाईन ४, कॅन्युला १. परत: इंजेक्शन २.*

बिलात याच मंगळवारी काय दिसू शकतं? ऑक्सिजन चोवीस तास. आयसीयूचं पूर्ण भाडं आणि वॉर्डाचंही पूर्ण भाडं. डॉक्टरांच्या तीन व्हिजिट. परत केलेली दोन इंजेक्शनं वजा न करता. प्रत्येक वेळी लबाडीच असते असं नाही. ऑक्सिजन काढल्याची वेळ सिस्टरनं लिहायची राहून जाते आणि संगणक मोजत राहतो. वही दाखवली की बिलिंगचे लोक बहुतेक वेळा नोंद काढून दुरुस्त करतात. आवाज चढवण्यापेक्षा वहीतली वेळ जास्त काम करते.

बिल मागताना 'डिटेल बिल' मागा. 'औषधे ३८,४००' अशी एक ओळ चालवून घेऊ नका. तपासायचं ते हे:

- कॉटेचे दिवस कसे मोजलेत, चोवीस तासांनी की सकाळच्या ठरावीक वेळेनं
- एकाच दिवशी दोन खोल्यांचं भाडं
- झालेल्याच नाहीत अशा, किंवा दोनदा लावलेल्या तपासण्या; प्रत्येक ओळीसमोर रिपोर्ट हातात हवा
- परत दिलेल्या औषधांची वजावट
- मॉनिटर, सिरिंज पंप यांचे तास
- भरलेली सगळी डिपॉझिट

अंतिम बिलाची वाट बघू नका. दर दोन दिवसांनी आजवरचं बिल मागा. तेव्हा चूक सुधारणं सोपं असतं, कारण ड्युटीवरची माणसं तीच असतात.

पैसे शक्यतो यूपीआय, कार्ड किंवा चेकनं भरा. एका उपचारापोटी २ लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि पावती नसलेले पैसे कुठल्याही अर्जात मोजले जात नाहीत.

९. तरीही पैसे कमी पडत असतील

मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता निधीचा अर्ज पेशंट दाखल असतानाच करायचा. डिस्चार्जनंतर भरलेल्या बिलाची भरपाई मिळत नाही. कुटुंबाचं उत्पन्न १,६०,००० च्या आत हवं आणि दवाखाना त्यांच्या यादीत हवा. कागद: अर्ज, डॉक्टरांचं खर्चाचं अंदाजपत्रक (खाजगी दवाखाना असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या सहीनं), उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड, रिपोर्ट, कॉटेवरच्या पेशंटचा जिओ टॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो, अपघात असेल तर पोलिसांचा कागद. फोन १८०० १२३ २२११. जिल्हाधिकारी कार्यालयातही कक्ष आहे, मुंबईला हेलपाटा घालायची गरज नाही. पैसे दवाखान्याच्या खात्यावर जातात. 'अर्ज करून देतो, दहा टक्के द्या' म्हणणाऱ्याला दारातही उभं करू नका, या अर्जाला एक रुपया लागत नाही.

१०. दाद मागायची तर, आणि घरी जाताना

आधी दवाखान्याच्या व्यवस्थापकाला लेखी द्या आणि पोच घ्या. योजनेची तक्रार १५५३८८ वर, धर्मादायची सहायक धर्मादाय आयुक्तांकडे. दर आणि रुग्णहक्कांची तक्रार सांगली-मिरज-कुपवाड हद्दीत महापालिकेच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्याकडे, बाकी भागात जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाते. बिल थकलं म्हणून पेशंटला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहेच, ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी नाही.

घरी निघण्यापूर्वी डिस्चार्ज कार्ड, डिटेल बिल, सगळ्या पावत्या, मूळ रिपोर्ट आणि एक्सरे-सीटीच्या फिल्म ताब्यात घ्या. पूर्ण केस पेपरची प्रत हवी असेल तर लेखी मागा, ७२ तासांत द्यावी लागते. डिस्चार्ज कार्डावरचं नाव, वय आणि तारखा तिथेच उभं राहून वाचा, आणि 'बाळासो' लिहिलं असेल तर आधारप्रमाणे दुरुस्त करून घ्या. योजनेतून ऑपरेशन झालं असेल तर टाके काढायची तारीख दहा दिवसांच्या आतली मागा आणि त्या दिवशी परत आरोग्यमित्राच्या खिडकीवरूनच आत जा.